गुलमर्गचा पोरगा म्हणाला, "आज नहीं, नीचे चीनी है"

घाटमाथा | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, गेल्या आठवड्यात गुलमर्गहून परतलो. फोटो नंतर टाकतो. आधी डोक्यात अडकलेला एक प्रश्न सोडवा.

मी, बायको आणि एकोणीस वर्षांचे चिरंजीव असे तिघे होतो. चिरंजीवांनी औलीला स्कीइंगचा कोर्स केलाय, त्यामुळे सध्या त्यांना सगळं येतं. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या डोंगरावर पोचलो, साधारण ३,९०० मीटरवर. दोन दिवस बर्फ पडून आदल्या संध्याकाळी उघडलं होतं. आभाळ इतकं निळं की डोळे दुखावेत. दोरी लावून आखलेल्या भागाच्या पलीकडे एक अख्खा उतार कोरा पडलेला, त्यावर एक रेघ नाही. चिरंजीव म्हणाले, इथूनच उतरायचं.

बरोबर तंगमर्गचा एक गाइड होता, वय असेल पंचवीस. त्याने स्कीची काठी उलटी धरली, मूठ खाली, आणि सावकाश बर्फात दाबत गेला. वरच्या हातभर बर्फाला जोर लागत होता. मग काठी एकदम सटकन आत गेली, थेट तळापर्यंत. चार पावलं सरकून पुन्हा तेच केलं, पुन्हा तसंच झालं. मान हलवून म्हणाला, "आज नहीं. नीचे चीनी है." आणि आम्हाला दोरीच्या आतल्या बाजूने खाली घेऊन आला.

दिवसाचे पैसे आधीच दिलेले, त्यामुळे खोटं कशाला बोलू, मलाही जरा राग आला. बर्फ पडत असताना धोका असतो हे समजू शकतो. लख्ख उन्हात कसला धोका? आणि चीनी म्हणजे नक्की काय?

---

चिंतोपंत | रविवार, रात्री ९:२२

सीमेजवळचा भाग आहे, चिनी असतीलही खाली. जपून.

(जागा पकडून बसलोय. जाणकार येतीलच.)

---

घाटमाथा | रविवार, रात्री ९:२५

पंत, तिकडची सीमा पाकिस्तानची. आधी भूगोल सुधारा.

---

डेन्व्हरकर | रविवार, रात्री ११:४०

घाटमाथा, त्या मुलाला माझ्यातर्फे एक कहवा पाजायला हवा होता. त्याने दोन मिनिटांत जे केलं ते शिकायला मी तीन दिवसांचा कोर्स केला आणि वर बरेच डॉलर मोजले.

मी चौदा वर्षं कोलोरॅडोत आहे. हिवाळ्यात स्की लावून डोंगरात भटकतो. इथला बर्फ अख्ख्या अमेरिकेत बदनाम आहे, आणि त्याचं कारण हीच 'साखर'.

आपल्याला बर्फ म्हणजे एक पांढरा ढीग वाटतो. प्रत्यक्षात ती थरांची चळत असते. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, वाऱ्याने आणून टाकलेला वेगळा, उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला वेगळा. तळाशी जमीन असते आणि बर्फाच्या पांघरुणाखाली ती जवळजवळ शून्य अंशावर राहते. वर हवा समजा उणे १५. आता हिशोब करा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर १५ अंशांचा फरक दोन मीटरमध्ये वाटला गेला, म्हणजे मीटरमागे साडेसात. बर्फ अर्धाच मीटर असेल तर मीटरमागे ३०. ढोबळ नियम असा की हा आकडा मीटरमागे १० च्या वर गेला की खालच्या उबेतली वाफ वर सरकायला लागते आणि वाटेत कण नव्याने घडवते. मऊ, एकमेकांत गुंतलेले कण जाऊन कोनदार, चमकदार, सुटे दाणे होतात. मूठभर उचलले तर बोटांतून साखरेसारखे गळतात, गोळा काही केल्या वळत नाही. ही तुमची चीनी.

म्हणजे सुरुवातीला थोडासा बर्फ पडला आणि नंतर दोनतीन आठवडे कोरडी, निरभ्र थंडी पडली की तळाला साखर तयार. त्यावर पुढचा मोठा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो आणि त्याची लादी बनते. साखरेवर ठेवलेली लादी. उतार पुरेसा असेल तर लादी घसरून हिमस्खलन व्हायला फक्त कोणीतरी धक्का द्यायचा बाकी असतो. तो तुमचे चिरंजीव देणार होते.

---

चिंतोपंत | सोमवार, सकाळी ७:०५

लादी म्हटल्यावर मला पाव आठवला. पण चेष्टा बाजूला. म्हणजे ज्या वर्षी बर्फ कमी त्या वर्षी धोका जास्त? मी आजवर उलटं समजत होतो.

---

डेन्व्हरकर | सोमवार, सकाळी ८:३०

पंत, सगळे उलटंच समजतात. कमी बर्फ हा कच्च्या पायाचा बर्फ. पुढे खूप पडून दोनतीन मीटर साचला तर खालची साखर हळूहळू दाबली जाते, पुन्हा बांधली जाते, पण त्याला आठवडे लागतात. कधी अख्खा मोसम जातो.

काश्मीरचंच बघा ना. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग उघडंबोडकं होतं, तपकिरी मैदानांचे फोटो सगळीकडे फिरत होते. मग फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धो धो बर्फ आला. २२ तारखेला दोऱ्यांबाहेर गेलेला रशियन स्कीपटूंचा गट हिमस्खलनात सापडला, एक जण गेला. त्याच्या आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला अफरवटच्याच बाजूला दोन पोलिश स्कीपटू गेले होते.

आणि लख्ख उन्हाचं म्हणाल तर बर्फ थांबल्याबरोबर धोका थांबत नाही. नवीन ओझं नुकतंच पडलेलं असतं, खालचा थर ते पेलतो की नाही याचा निकाल लागायचा असतो. त्यात आभाळ उघडलं की माणसं बाहेर पडतात. भुसभुशीत बर्फ पडत असताना शहाणा माणूस खोलीत नूनचहा पीत बसतो. अपघाताला उतार लागतो, कच्चा थर लागतो आणि माणूस लागतो. तिसरी गोष्ट निळं आभाळ पुरवतं.

---

प्रश्नचिन्ह | सोमवार, दुपारी १:१५

उतार पुरेसा म्हणजे किती? मला सरळसोट कडा डोळ्यांसमोर येतो.

---

हिमगौरी_ठाणे | सोमवार, दुपारी २:५०

कडा नाहीच. कड्यावर बर्फ टिकतच नाही, पडेल तसा झडत राहतो. गोम ३० ते ४५ अंशांच्या मधे आहे. सगळ्यात वाईट ३८ च्या आसपास.

शाळेच्या कंपासमधला तीस-साठचा गुण्या आठवा. किंवा घरातला जिना. जिन्याचा चढ साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. ज्या जिन्यावरून आपण कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जातो तो हिमस्खलनाचा उतार. बघताना अजिबात भीती वाटत नाही, म्हणूनच तिथे माणसं सापडतात.

काठ्यांनी मोजायची युक्ती सांगते. एक काठी उतारावर उभी धरा. तितक्याच लांबीची दुसरी काठी पहिलीच्या बरोबर मध्यावर आडवी धरा, टोक उताराच्या दिशेने. आडवीचं टोक उताराला जेमतेम टेकलं तर उतार २७ च्या जवळपास. टोकाच्या आधीच बर्फ लागला तर उतार त्याहून तीव्र, आता विचार करायचा. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते, पण उणे दहात मोबाइल कधी मान टाकेल सांगता येत नाही.

आणि फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही सपाटीवरून चालत असाल, पण डोक्यावर ३८ अंशांचा उतार लोंबत असेल तर तुम्ही त्याच्या तोंडात आहात.

---

माजी_सुभेदार | सोमवार, रात्री ८:००

नमस्कार. सातारा जिल्हा. सत्तावीस वर्षं फौजेत काढली, त्यात तीन हिवाळे काश्मीरमध्ये उंचावर. जागांची नावं लिहीत नाही.

ताईंनी शेवटी जे लिहिलं ते लाखमोलाचं. आमची वाट नाल्याच्या तळातून जायची, सपाट, आरामाची. पहिल्या वर्षी मला कळेना की पोर्टरचा म्हातारा तिथे आल्यावर बिडी का विझवतो. एक दिवस त्याने काठीने वर दाखवलं. दोन्ही अंगाला भोजपत्राची झाडं होती आणि मधे सत्तरऐंशी मीटरचा पट्टा साफ, एक झाड नाही. पट्ट्याच्या कडेची झाडं बुंध्यातून खाली वाकलेली, वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या. म्हातारा म्हणाला, "साहब, यह इसका रास्ता है. हम बीच में चल रहे हैं."

त्यानंतर मी बर्फाआधी झाडं बघायला शिकलो. भर जंगलात झाडांविना सरळ पट्टा दिसला की समजायचं, ही दुसऱ्या कुणाची तरी वाट आहे.

असा नाला आम्ही उजाडायच्या आत ओलांडायचो. एका वेळी एक जण, बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवणार. पिठ्ठूचा कमरपट्टा सोडलेला, म्हणजे वेळ आली तर झटकता येईल. कमरेला लाल दोरी बांधून ती मागे फरफटत सोडायची. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहील या आशेवर. पुढे यंत्रं आली.

८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले. बर्फातच शिकणारी आणि शिकवणारी माणसं होती ती. एवढंच लिहितो.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:४५

सुभेदारसाहेब, सॅल्यूट. खिलनमर्गला आम्ही घोड्यावरून फिरून आलो, भुट्टा खाल्ला. काहीच माहीत नव्हतं.

एक बाळबोध प्रश्न. ओरडल्याने कडा कोसळतो म्हणतात ते खरं का? बायको मला वर सारखी "हळू बोला" म्हणत होती.

---

डेन्व्हरकर | सोमवार, रात्री १०:२०

वहिनी इतर कारणाने म्हणत असतील. आवाजाने हिमस्खलन होत नाही. माणसाच्या आवाजाचा दाब इतका किरकोळ असतो की बर्फाच्या थराला त्याचा पत्ताही लागत नाही. सुरुंग लावून पाडतात, ती गोष्ट वेगळी. माणूस धक्का देतो तो वजनाने. इकडे हौशी लोकांचे जे बळी जातात, त्यातल्या साधारण नव्वद टक्के वेळा तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सोडवलेला असतो.

---

माजी_सुभेदार | मंगळवार, सकाळी ६:१०

आम्हालाही गप्प राहायला सांगायचे. आवाजाने पडत नाही हे मान्य. पण गप्प असलं की ऐकू येतं. पायाखाली खोल कुठेतरी 'धप्प' होतं, रिकाम्या कोठारात पोतं टाकल्यासारखं, आणि पायाखालचा बर्फ बोटभर बसतो. तो आवाज आला की आल्या पावली मागे. गप्पा मारत चाललेल्या टोळीला तो ऐकू येत नाही.

---

डेन्व्हरकर | मंगळवार, सकाळी ९:००

दंडवत, साहेब. हा मुद्दा माझ्या कोर्समध्ये नव्हता.

त्या धप्पचा अर्थ असा की तुमच्या वजनाने साखरेचा थर आत्ता, या क्षणी ढासळला. उतार सपाट होता म्हणून लादी घसरली नाही, इतकंच. कधी पायापासून पुढे काचेला जावा तसा तडा पळत जातो. यापेक्षा स्पष्ट निरोप बर्फ देऊ शकत नाही.

त्याच्या आधी बर्फाला विचारायची पद्धत म्हणजे खड्डा. डिसेंबरात मी खणला होता तो सांगतो. छातीइतका खोल खड्डा, वरची भिंत फावड्याने गुळगुळीत केली. नुसतं बोट वरून खाली ओढत आणलं तरी थर कळतात. इथे बोट अडतं, इथे घुसतं. मग भिंतीतून फूटभर रुंद खांब मोकळा कापला, माथ्यावर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर थापा मारायला लागलो. दहा नुसत्या मनगटाने, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. अकरावीला काही नाही. बाराव्या थापेला वरचा दीड फुटाचा ठोकळा अख्खाच्या अख्खा माझ्या मांडीवर येऊन बसला, कपाटाचा खण ओढून काढावा तितक्या सफाईने. तुटलेली कड पट्टीने आखल्यासारखी. त्याखाली बारीक, चमकणारे दाणे. त्या दिवशी आम्ही झाडीतल्या मंद उतारावरून खाली आलो आणि गाडीत बसून डबा खाल्ला.

पण खड्डा म्हणजे देवाचा कौल नव्हे. वीस पावलांवर वेगळं चित्र असू शकतं. खराब निकाल आला तर विश्वास ठेवायचा, चांगला आला तर फार हुरळायचं नाही.

इथे राज्याचं हिमस्खलन केंद्र रोज बुलेटिन काढतं. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीवर, कोणत्या प्रकारचा धोका, आणि १ ते ५ मधला एक आकडा. यातला ३ हा सगळ्यात फसवा. ४ आणि ५ ला लोक घरी बसतात. पाचपैकी तीन म्हटलं की आपल्या मराठी मनाला साठ टक्के मिळाल्यासारखं वाटतं, फर्स्ट क्लास! सर्वाधिक माणसं त्या तीनलाच जातात. २० एप्रिल २०१३ ला लव्हलँड खिंडीजवळ शीप क्रीकला सहा जण उताराच्या पायथ्यालगत, मुद्दाम अंतर ठेवून चालले होते. धोका त्यांना माहीत होता. वरून तळापासूनचा सगळा थर सुटला. सहाही त्यात सापडले, वाचला एक.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, दुपारी १२:३०

आपल्याकडे असं बुलेटिन निघतं का? आणि आता घाबरतच विचारतो, आमचा जानेवारीत उत्तराखंडातला केदारकांठा ट्रेक ठरलाय. आयोजकाने 'बर्फाची गॅरंटी' दिलीय. रद्द करू?

---

हिमगौरी_ठाणे | मंगळवार, सायंकाळी ५:४०

निघतं. मनालीला १९६९ पासून बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी लष्करी संशोधनाची प्रयोगशाळा होती. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या चंडीगडच्या डीजीआरई संस्थेत विलीन झाली. तिचे इशारे जिल्हावार आणि उंचीवार येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चमोलीसह उत्तराखंडच्या वरच्या जिल्ह्यांना असा इशारा होता आणि २८ तारखेला पहाटे बद्रीनाथपुढच्या माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या मजुरांच्या तळावर बर्फ आला. ५४ मजूर. ४६ जणांना लष्कर आणि आयटीबीपीने बाहेर काढलं, आठ गेले. ते ना स्कीइंगला गेले होते ना ट्रेकला. कंटेनरमध्ये झोपले होते. डेन्व्हरकरांची नव्वद टक्क्यांची गोष्ट हौशी लोकांची. हिमालयात रस्ता, छावणी, गाव यांच्यावर बर्फ आपोआप येतो. २००५ च्या फेब्रुवारीत कुलगामच्या वाल्टेंगू नाडला दीडशेहून जास्त माणसं आपल्या घरात गेली.

केदारकांठा रद्द करू नका. वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून आहे. तिथे घसरून पाय मोडण्याची काळजी जास्त करा. पण आयोजकाला 'बर्फ मिळेल का' सोडून दुसरं काहीतरी विचारा. नवीन बर्फ पडल्यावर किती तास थांबता? मागे फिरायचं कोण ठरवतं, वर असलेला लीडर की पुण्या-मुंबईतलं ऑफिस? या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याबरोबर मी जात नाही. 'गॅरंटी'वाल्याबरोबर तर नाहीच, कारण बर्फाची गॅरंटी देणारा माणूस मागे फिरताना दहादा विचार करणार.

मेमध्ये खिंडी ओलांडणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. तेव्हा साखर नाही, पाणी वैरी. दुपारच्या उन्हात बर्फ भिजून जड होतो आणि ओल्या सिमेंटसारखा सरकतो. म्हणून गाइड रात्री तीनला उठवतो. त्याला शिव्या देऊ नका.

---

हिमगौरी_ठाणे | मंगळवार, रात्री ११:५५

मघाशी लिहिणार नव्हते, पण लिहिते.

माझे दोन्ही कोर्स उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतले. बेसिकचे अठ्ठावीस दिवस, मग अ‍ॅडव्हान्स. डोकरानी बामक हिमनदीवर आमचा तळ होता आणि समोर द्रौपदी का डांडा. ४ ऑक्टोबर २०२२ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला त्याच्या माथ्याजवळ अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या मुलांवर बर्फ आला. मी ठाण्यात ऑफिसला निघाले होते, बॅचच्या ग्रुपवर फोटोमागून फोटो यायला लागले. २९ जण. त्यातले दोघे सापडलेच नाहीत.

लोक विचारतात, शिकवणाऱ्यांना कळलं नाही का? त्या महिन्यात वर ताजा बर्फ खूप पडला होता, केदारनाथच्या मागे चोराबाडी हिमनदीवरही त्याच दिवसांत हिमस्खलनं झाली. मला आठवते ती त्या उताराखालची हिमभेग. सुटलेला बर्फ मोकळ्या मैदानात पसरला तर पातळ होतो, माणूस वर राहू शकतो. खाली भेग असेल, घळ असेल, तर तोच बर्फ तिथे भरतो आणि माणसांना घेऊन भरतो. कोर्समध्ये आम्हाला उतार बघायला शिकवलं होतं. उताराच्या खाली काय आहे हे मी त्यानंतर बघायला लागले.

---

चिंतोपंत | बुधवार, सकाळी ७:३०

ताई, काय बोलावं.

अवांतर वाटेल, पण माझं एक निरीक्षण. ऑक्टोबर २०१४ मध्ये आमच्या ओळखीचा एक गट नेपाळात अन्नपूर्णा प्रदक्षिणेला जाणार होता, तिकिटांच्या घोळात आठवडाभर उशीर झाला म्हणून वाचला. १२ तारखेला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी तेच ढग त्या वाटेवरच्या थोरोंग खिंडीवर बर्फ होऊन कोसळले. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात आपलीही होती. तेव्हापासून ऑक्टोबरात हिमालयात जाणाऱ्याला मी सांगतो, बंगालच्या उपसागरावर लक्ष ठेव.

---

प्रश्नचिन्ह | बुधवार, सकाळी १०:००

गाडलं गेल्यावर वाचायला किती वेळ असतो? सियाचीनला सहा दिवसांनी जवान जिवंत सापडला होता ना?

---

डेन्व्हरकर | बुधवार, सकाळी १०:४५

लान्सनायक हनुमंतप्पा, फेब्रुवारी २०१६. पुढे तीन दिवसांनी दिल्लीत इस्पितळात गेले. तो चमत्कार होता, त्यावर हिशोब मांडू नका. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर बहुतेक जण गेलेले असतात. थंडीने नव्हे, श्वास कोंडून. थांबला की बर्फ काँक्रीटसारखा आवळतो, बोट हलत नाही.

म्हणजे मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते. जे काही करायचं ते शेजारच्याने. त्यासाठी तीन वस्तू: अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झचा बीकन (गाडलेल्याची जागा दाखवणारं संदेशयंत्र), बर्फात खुपसून माणूस शोधायला घडीची लांब सळई आणि धातूचं फावडं. गुलमर्गला भाड्याने मिळतात. तिन्ही प्रत्येकाकडे हवीत आणि वापरता यायला हवीत. फावडं फक्त तुमच्याकडे असेल तर तुम्ही इतरांना वाचवाल, तुम्हाला कोण खणणार?

---

घाटमाथा | गुरुवार, रात्री ९:३०

काल त्या गाइडला फोन केला. आधी सॉरी म्हणालो. तो हसला, त्याला प्रसंगच आठवत नव्हता. असं तो रोज कुणाला तरी नाही म्हणत असणार. विचारलं, चीनी अजून आहे का? म्हणाला, "है साहब. ऊपर से दो फुट और आ गया है." पोरालाही स्पीकरवर ऐकवलं.

आज घरी आलो तर चिरंजीव स्वयंपाकघरात. मोठ्या ट्रेमध्ये टर्किश टॉवेल अंथरून त्यावर मैद्याचा जाड थर थापला होता. ट्रे एका बाजूने उचलत नेला, शेजारी गुण्या धरून. मैदा बराच वेळ हललाच नाही. मग सगळं झाडून टॉवेलवर आधी साखर पसरली, तिच्यावर तोच मैदा थापला. यावेळी निम्म्या उंचीवरच मधोमध एक तडा गेला, आडवा, सरळ, आणि खालचा अख्खा तुकडा ओट्यावरून थेट सिंकमध्ये. आम्ही दोघं कितीतरी वेळ त्या तड्याकडे बघत होतो. सुटलेली कड डेन्व्हरकरांनी लिहिली तशीच, पट्टीने आखलेली.

सौ. नेमक्या तेव्हाच आत आल्या. उरलेली अर्धा किलो साखर आणि मैदा चाळणीने वेगळा करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. फोटो उद्या टाकतो.